पोरक्या शाहूंचं बापपण

मलकापुरातून आगाशिवच्या डोंगराकडं निघालं की जखिणवाडी लागते. बाहेरची माणसं तिकडं जातात ती डोंगरातली बौद्ध लेणी बघायला. मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मी माझ्या मुलीला घेऊन गेलो, तो मात्र लेण्यांसाठी नव्हे. ती आठवीत आहे. तिला मला एक माळ दाखवायचा होता.

२७ फेब्रुवारी १७३१ रोजी या जखिणवाडीच्या परिसरात दोन राजे भेटले. एक साताऱ्याचे छत्रपती शाहू, वय ४८. दुसरे कोल्हापूरचे छत्रपती संभाजी, वय ३२. दोघं सख्खे चुलतभाऊ, दोघंही शिवाजी महाराजांचे नातू. मागची दोन तपं ही दोन घरं एकमेकांशी भांडत होती. संभाजींनी शाहूंच्या पायावर डोकं ठेवलं, शाहूंनी त्यांना उठवून पोटाशी धरलं, असं या भेटीचं वर्णन इतिहासात येतं. पुढं दीड महिन्यानं, १३ एप्रिलला, वारणेचा तह झाला आणि दोन राज्यांची हद्द ठरली.

शाळेत हा तह मी अनेकदा ऐकला आणि वाचला आहे. पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. त्या माळावर मिठी मारणाऱ्या दोघांनाही बाप असा मिळालाच नव्हता. शाहूंचे वडील मारले गेले तेव्हा शाहूंचं सातवं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. कोल्हापूरच्या संभाजींचे वडील राजाराम महाराज वारले तेव्हा ते दोन वर्षांचेही नव्हते. पोरक्या घरातली दोन मुलं चाळिशी-पन्नाशीकडं झुकल्यावर एकमेकांना भेटत होती.

इथं एक खुलासा. शाहू म्हटलं की आपल्याकडं लगेच कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज डोळ्यांपुढं येतात. मी लिहितोय ते त्यांच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच्या, साताऱ्याच्या थोरल्या शाहूंबद्दल.

अब्बांची पत्रं

हा लेख लिहिण्यामागं इतिहासाची आवड आहे, पण तेवढंच कारण नाही. मी पाच वर्षांचा असताना माझे अब्बा ड्रायव्हर म्हणून सौदीला गेले. तीन वर्षांनी पहिल्यांदा आले. येताना टू-इन-वन, दोन जाड ब्लँकेट आणि अत्तराच्या बाटल्या आणल्या. मी त्यांना ओळखलं नाही. अम्मीच्या मागं जाऊन उभा राहिलो. सव्वा महिन्यानं ते परत गेले, तेव्हा कुठं मला त्यांच्या मांडीवर बसायची सवय लागत होती.

पत्रं उर्दूत यायची. अम्मीला वाचता येत नव्हतं. मी मराठी शाळेत. म्हणून मशिदीतल्या हाफिजजींकडं कुराणाच्या जोडीनं मी उर्दू लिपी शिकलो, ती अब्बांची पत्रं वाचता यावीत म्हणून. लोक विचारतात, मराठी शाळेत शिकून उर्दूचा मास्तर कसा झालास? खरं उत्तर हे आहे. माझी पहिली उर्दू किताब म्हणजे निळ्या कागदावरची ती पत्रं. त्यांत पैशांचा हिशेब असायचा, सगळ्यांना सलाम असायचा आणि शेवटी माझ्यासाठी एक ओळ असायची. मी ती ओळ आधी वाचायचो. हळूहळू ती ओळ यायची बंद झाली. नंतर पत्रंच विरळ झाली.

प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ या रकान्यात मामूंची सही असायची. मामूंचं हायवेच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हात ग्रीसनं काळे. आधी फडक्यानं हात पुसायचे, मग एकेक विषयाचे गुण बोट न लावता मोठ्यानं वाचायचे आणि मगच सही करायचे. गणितापाशी थांबायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. दुसऱ्या दिवसापासून दुकानात पंक्चरचा हिशेब माझ्याकडं असायचा.

भोसल्यांच्या घरातले दूरचे बाप

शाहूंच्या घराण्याकडं या नजरेनं बघितलं तर बापाचं घरी नसणं ही तिथं पिढ्यांची गोष्ट दिसते. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीरांना नवस केला आणि झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा आपल्याला माहीत आहे. मुलं लहान असतानाच मालोजीराजे लढाईत पडले. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत कर्नाटकात गेले, बंगळूरला राहिले. इकडं पुण्यात शिवाजीराजे वाढले ते जिजाऊंच्या हाताखाली. १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकातल्या होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. बाप आणि लेकाच्या वाट्याला एकत्र आलेले दिवस थोडेच.

शिवाजी महाराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे दोन वर्षांचे असताना त्यांची आई सईबाई गेल्या. नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर आग्र्याला गेले. सुटकेनंतर महाराज पुढं आले आणि जिवाच्या सुरक्षेसाठी मुलाला मथुरेत ठेवावं लागलं. पुढं १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे रुसून दिलेरखानाकडं गेले, वर्षभरानं परतले. पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली आणि एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले.

यात कुणाला दोष द्यायचा नाही. राज्य उभं करणाऱ्या माणसाला घरी बसता येत नाही. पण मूल राज्य बघत नाही, ते दाराकडं बघतं. इतिहासाच्या पुस्तकात स्वारीचं पान असतं, स्वारीच्या काळात घरी वाट बघणाऱ्या मुलाचं पान नसतं. शिक्षक म्हणून मला हे पान कायम कमी पडत आलं आहे.

छावणीत वाढलेलं मूल

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ चा. आजोबांचंच नाव ठेवलेलं, शिवाजी. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला औरंगजेबानं त्यांना हालहाल करून मारलं. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. येसूबाई आणि साडेसात वर्षांचा मुलगा मोगलांच्या हाती आले. ज्योत्याजी केसरकरांसारखी थोडी घरची माणसंही त्यांच्याबरोबर कैदेत राहिली. ही कैद पुढं साडेसतरा वर्षं चालली.

कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हती. बादशहाच्या डेऱ्यांजवळच त्यांचे डेरे होते. मुलाला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली गेली. पण ज्यानं बाप मारला त्याच्याच छावणीत, त्याच्याच अन्नावर मोठं व्हायचं, ही कैद कोठडीपेक्षा सोपी म्हणता येणार नाही.

या छावणीत त्यांना जीव लावणारी एक बाई भेटली. झीनतुन्निसा बेगम, औरंगजेबाची मुलगी. तिनं लग्न केलं नव्हतं. बापाबरोबर दख्खनेत राहून त्याचं घर तीच सांभाळत होती. रायगड पडला तेव्हा तिचं वय पंचेचाळिशीच्या पुढं होतं. तिनं येसूबाई आणि शाहूंची काळजी घेतली, शाहूंवर आईसारखी माया केली, हे इतिहासकार नोंदवतात. नाटक-कादंबऱ्यांनी आणि गप्पांनी तिच्याभोवती भलत्याच कहाण्या रचल्या. त्यांना आधार नाही. कहाणीची गरजही नाही. एका पोरक्या मुलाला एका बाईनं माया लावली, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे. दिल्लीतल्या दर्यागंजची झीनतुल मसाजिद ही मशीद तिनं बांधलेली. आणि आपल्या साताऱ्यातली बेगम मशीद शाहूंनी तिच्या आठवणीत बांधली असं सांगितलं जातं.

इथं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७०३ साली बादशहानं शाहूंना इस्लाम स्वीकारण्याचा आग्रह धरला. शाहूंनी नकार दिला. त्यांच्याऐवजी सरसेनापती प्रतापराव गुजरांची दोन मुलं, खंडेराव आणि जगजीवन, यांनी धर्म बदलला आणि शाहूंवरचं संकट टळलं, असं सरदेसाईंसारखे इतिहासकार सांगतात. धर्मात जबरदस्ती नाही हे आम्ही मिंबरावरून ऐकतो. बादशहाच्या छावणीत ते पाळलं गेलं नाही, हे मुसलमान म्हणून मलाच आधी म्हणायला हवं. एकाच घरात, एकाच छताखाली मायाही होती आणि जबरदस्तीही. शाहू या दोन्हींत वाढले.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब नगरला मेला. मे महिन्यात शहजादा आझमनं शाहूंना सोडलं, पण येसूबाईंना ओलीस ठेवलं. शाहू दक्षिणेकडं निघाले आणि वाटेत खुलताबादला जाऊन त्यांनी औरंगजेबाच्या कबरीला भेट दिली, अशी नोंद आहे. या भेटीवर आज टोकाची भांडणं होतात. मला त्यात राजकारण कमी आणि पंचवीस वर्षांचा एक गोंधळलेला तरुण जास्त दिसतो. ज्यानं बाप हिरावला, त्याच्याच सावलीत बालपण गेलं. आता तोही नाही. अशा माणसानं कुठल्या कबरीपाशी उभं राहून काय म्हणायचं?

पारदचं मूल

शाहूंच्या आयुष्यातला माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रसंग याच प्रवासात घडला. तो ना राज्याभिषेक, ना कुठली सनद.

१७०७ च्या त्या परतीच्या वाटेवर मराठवाड्यात पारद नावाचं गाव लागलं. तिथल्या लोखंडे पाटलानं शाहूंना वाट दिली नाही. चकमक झाली, पाटील मारला गेला. त्याची बायको तान्हं मूल घेऊन पुढं आली आणि तिनं ते शाहूंच्या पालखीत ठेवलं. याला वाचवा, एवढंच तिचं मागणं.

शाहूंनी ते मूल उचललं आणि परत दिलं नाही. सांभाळायला कुण्या सरदाराकडं सोपवलं असतं तरी लोकांनी वाहवा केली असती. त्यांनी त्याला स्वतःचं आडनाव दिलं. पहिली फत्ते मिळाली म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह. राणोजी लोखंडेचा फत्तेसिंह भोसले झाला. शाहूंच्या राणीवशातल्या विरूबाईंनी त्याला मुलासारखं वाढवलं. तो मोठा होऊन कर्नाटकाच्या मोहिमांत सेनेबरोबर गेला. त्याला अक्कलकोट मिळालं. अक्कलकोटचं संस्थान त्याच्यापासून सुरू झालं ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. १६८९ मध्ये एका विजेत्यानं एका मुलाचा बाप मारला आणि मुलाला आपल्या छावणीत नेलं. १७०७ मध्ये तोच मुलगा विजेता झाला. त्याच्या माणसांच्या हातून एका मुलाचा बाप गेला आणि मूल त्याच्या पालखीत आलं. शाहूंनी त्या मुलाला कैदी केलं नाही, ओलीस ठेवलं नाही, मनसब देऊन दूरच्या डेऱ्यात बसवलं नाही. घरात घेतलं.

हे शहाणपण त्यांनी बापाकडून घेतलं नव्हतं, बापाचा सहवास जेमतेम सहा वर्षांचा. ते आलं झीनतुन्निसासारख्या, येसूबाईंसारख्या, ज्योत्याजींसारख्या माणसांकडून. बाप नसलेल्या मुलाला बापपण शिकवायला अनेक माणसं लागतात. प्रत्येक जण थोडं थोडं देतो. त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे मात्र त्या मुलाला मोठेपणी एकट्यानं ठरवावं लागतं.

आमच्याकडं यतीमाच्या डोक्यावरून हात फिरवण्याचा सवाब लहानपणापासून सांगतात. पैगंबरांचे (स.) वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच वारले होते. आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. तेच पुढं असे वडील झाले की मुलगी फातिमा आली की जागेवरून उठून उभे राहत. नातू सजद्यात पाठीवर येऊन बसला तर तो उतरेपर्यंत सजदा लांबवत. ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली. स्वतःच्या घरात तिचा अर्थ कळायला फार वर्षं लागली.

मसूरची वस्त्रं

साताऱ्यात १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढची बेचाळीस वर्षं ते राजे होते. या काळात त्यांची एक सवय पुन्हा पुन्हा दिसते. घरातला कर्ता गेला की ते त्याच्या मुलाकडं बघतात.

२ एप्रिल १७२० ला पेशवे बाळाजी विश्वनाथ वारले. याच बाळाजींनी आदल्या वर्षी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर येसूबाईंनाही आणलं होतं. मुलगा सुटल्यावर बारा वर्षांनी, एकूण जवळजवळ तीस वर्षांच्या कैदेनंतर आई घरी आली. बाळाजी गेले तेव्हा शाहूंचा मुक्काम आपल्या कराडच्या पलीकडं मसूरला होता. दरबारातले जुने जाणते म्हणत होते की पेशवाई अनुभवी माणसाला द्या. शाहूंनी १७ एप्रिलला मसूरच्या छावणीत पेशवाईची वस्त्रं दिली ती बाळाजींच्या मुलाला. बाजीरावांना तेव्हा वीस वर्षंही पूर्ण नव्हती. १७४० मध्ये बाजीराव गेले, तेव्हा शाहूंनी त्यांच्या मुलाला, नानासाहेबांना पेशवाई दिली. तेही विशीच्या आतलेच होते.

एप्रिल १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे बाजीरावांच्या विरुद्ध लढताना मारले गेले. आपल्याच पेशव्यानं आपलाच सेनापती मारला. शाहू स्वतः तळेगावला गेले, त्र्यंबकरावांच्या आई उमाबाईंचं सांत्वन केलं आणि सेनापतिपद त्याच घरात यशवंतरावांकडं ठेवलं.

मसूर मलकापुरापासून काही लांब नाही. ऊसतोडणीच्या दिवसांत त्या बाजूला गेलो की मला बाजीरावांच्या घोडदौडीआधी ती एकोणीस वर्षांची, पंधरा दिवसांपूर्वी बाप गेलेली, सगळ्या दरबाराच्या संशयी नजरा अंगावर झेलत उभी असलेली मूर्ती आठवते. तिच्यासमोर बसलेल्या माणसाला ते उभं राहणं काय असतं हे पक्कं माहीत होतं.

मऊपणाची किंमत

शाहूंना मी देव करत नाही. पारदचं मूल उचलल्यानंतर थोड्याच महिन्यांत सातारचा किल्ला घेताना त्यांनी काय केलं तेही सांगितलं जातं. किल्ल्यावर शेख मिरा हा अधिकारी होता. त्याचं कुटुंब वाईला राहत होतं. शाहूंनी त्याच्या बायकामुलांना पकडून आणलं आणि किल्ला दिला नाही तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप पाठवला. शेख मिरानं किल्ल्यावरच्या परशुरामपंत प्रतिनिधींना कैद केलं आणि दरवाजे उघडले. मुलांना ओलीस धरण्याची युक्ती शाहूंनी जिथं सोसली तिथूनच उचलली होती. माणूस छावणीतून फक्त माया घेऊन बाहेर पडत नाही.

इतिहासकारांचा दुसरा आक्षेप राज्यकारभाराचा आहे. बापाचं पद मुलाला देत गेल्यानं पदं वंशपरंपरागत झाली, सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले, छत्रपती साताऱ्यात राहिले आणि सत्ता पुण्याला गेली. हा आक्षेप खरा आहे. स्वतःच्या घरातही त्यांना वारसाचा प्रश्न सुटला नाही. गादीवर बसेल असा मुलगा उरला नाही, फत्तेसिंहाला गादी देता आली नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारले. राणी सकवारबाई सती गेल्या. ताराबाईंनी नातू म्हणून पुढं केलेले रामराजे गादीवर आले आणि वर्ष होत नाही तोच ताराबाईंनीच त्यांना किल्ल्यावर कैद केलं. प्रेमळ बाप चांगला राजा असतोच असं नाही.

तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळात दिल्लीत आणि इतरत्रही तख्तासाठी भावानं भावाला मारणं, डोळे काढणं ही रीत होती. आझमनं शाहूंना सोडलं त्यानंतर महिन्याभरात तो स्वतःच भावाशी लढताना मारला गेला. शाहूंचे चुलतभाऊ मात्र हरूनही मारले गेले नाहीत. १७३० मध्ये कोल्हापूरकरांचा पराभव झाला, राजघराण्यातल्या बायका शाहूंच्या हाती आल्या. ज्याची आई तीस वर्षं कैदेत होती त्यानं त्यांना कैदेत ठेवलं नाही. सन्मानानं परत पाठवायची तयारी केली. ताराबाई आपल्या मर्जीनं साताऱ्यात राहिल्या. पुढच्या फेब्रुवारीत जखिणवाडीची भेट झाली.

सही

बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती दूरच्या जिल्ह्यात, तुटपुंज्या मानधनावर. मुलगी सहा महिन्यांची होती. मी महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचो. अब्बांसारखं होणार नाही, असं मी निकाहाच्या दिवशी मनाशी ठरवलं होतं. आणि एसटीतून उतरताना हातात खेळणं घेऊन मी अगदी अब्बांसारखाच उतरत होतो. मुलगी बायकोच्या मागं लपली, तेव्हा मला ते ब्लँकेट आठवलं.

पुढं बदली झाली, घरी आलो. मला वाटलं, आता प्रश्न मिटला. पण घरी असणं आणि हजर असणं यांत अंतर असतं. पेपर तपासणं, शिकवण्या, निवडणुकीची कामं, फोन. ती तिसरीत असताना एका संध्याकाळी तिनं प्रगतिपुस्तक पुढं केलं. मी फोन कानाला लावूनच विचारलं, सही कुठं करायची? केली. ती तिथंच उभी राहिली.

“अब्बा, तुम पढेच नै,” ती म्हणाली.

मला मामूंचे काळे हात आठवले. फडकं आठवलं. गणितापाशी थांबणं आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी एका सायकलवाल्यानं मला फुकट दिलेली गोष्ट मी मुलीला देत नव्हतो आणि दोष मात्र सौदीतल्या माणसाला देत होतो.

अब्बा परत आले तेव्हा मी पंचविशीत होतो. सौदीत त्यांच्यावर काय गुजरलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी नीट विचारलंही नाही. आता ते नाहीत. शाहूंचे वडील हिरावले गेले होते, माझे गेले होते. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. गेलेल्या बापावर राग धरता येतो, ही एक वेगळीच सोय आहे. तो राग मी बराच काळ सांभाळला. त्यानं मला बाप बनवलं नाही. मी काय करणार नाही, एवढीच त्यात यादी होती. काय करायचं ते मामूंच्या दुकानात होतं.

म्हणून या इतिहासाकडं मी वळलो. एखाद्या मुलाला बाप मिळाला नाही तर तो कसा बाप होईल, याचं उत्तर त्याच्या नसलेल्या बापात शोधू नका. त्याच्या डोक्यावर कुणी कुणी हात ठेवला ते बघा. तो हात शत्रूच्या घरातलाही असू शकतो. आणि मलकापुरातल्या वाचकांना माझी एक विनंती. आपल्या मोहल्ल्यात आजही कित्येकांचे बाप आखातात आहेत, मुंबईत आहेत, ट्रकवर आहेत, काहींचे कायमचे गेलेत. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर कुणाची सही होते, हे एकदा विचारा.

त्या रविवारी जखिणवाडीत मुलीनं विचारलं, “वो दोनों मिले किधर?” नेमकी जागा मला दाखवता आली नाही. उसाचे फड दाखवले, डोंगर दाखवला, कृष्णेची दिशा दाखवली. तिनं पुढं विचारलं, दोन राजे भेटले तेव्हा पहिल्यांदा काय बोलले असतील. मला माहीत नव्हतं. मग तिनंच एक सुचवलं, मी दुसरं सुचवलं, असं करत आम्ही खाली येईपर्यंत बोलत राहिलो. मलकापूर आलं तेव्हा मगरिबची अजान होत होती. फोन खिशातच राहिला होता.